५४ मोठं की ५६? मुंबई-पुणे विद्यापीठांच्या भांडणात ठाण्याचं काय?

ढोकाळीकर (धागाकर्ता)

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा एका काकांनी पोस्ट टाकली. २०२५ च्या एनआयआरएफ यादीत, म्हणजे केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्थांच्या क्रमवारीत, मुंबई विद्यापीठ ५४ वं आणि पुणे ५६ वं आलं, तेव्हा ठाण्याच्या पालकांनी पोरांना पुण्याला पाठवायचं खूळ आता तरी सोडावं, खोलीभाडं नि मेसचे पैसे वाचवावेत, आपलं मुंबईच एक नंबर, असा एकूण सूर. खाली अंगठ्यांची रांग. तिथे सुप्रभातच्या पलीकडे काही लिहिलं की ॲडमिन डोळे वटारतो, म्हणून इथे लिहितोय.

काका, आकडे बरोबर आहेत. अर्थ तेवढा तुमचा आहे. आदल्या वर्षी पुणे २३ वं होतं आणि मुंबई ६१ वं. मुंबई सात जागा वर चढली, पुणे तेहतीस जागा खाली आलं. शेजारची इमारत खचली म्हणून आपल्या इमारतीचा मजला वाढत नाही. २०२४ ला राज्य विद्यापीठांची वेगळी यादी पहिल्यांदा निघाली, तेव्हा पुणे देशात तिसरं होतं, अण्णा आणि जादवपूरच्या खालोखाल. तेव्हा हेच काका 'रँकिंग म्हणजे कागदी खेळ' म्हणत होते. चांगलं आठवतंय मला.

आणि मोजतात काय? मुंबई विद्यापीठाच्या कलिना आवारातले विभाग आणि पुण्याच्या गणेशखिंड आवारातले विभाग. तिथे शिक्षक किती, पीएचडी किती झाल्या, शोधनिबंध किती छापले. शंभरातले साठ गुण अध्यापन आणि संशोधनाचे. कॉलेजांची यादी वेगळी निघते. आपल्या सोसायटीतली पोरं ठाण्यातल्या बांदोडकर, ज्ञानसाधना, जोशी-बेडेकर कॉलेजला जाणार, नाहीतर ट्रान्सहार्बर लोकल पकडून वाशी-नेरुळला. त्यांचा त्या ५४ शी संबंध मार्कशीटवरच्या शिक्क्यापुरता. पोराला कुठे घालायचं ते कॉलेज आणि विषय बघून ठरवा, विद्यापीठाचा नंबर बघून नको. एवढंच म्हणायचं होतं.

कोपरीचा_पदवीधर

आली पुण्याची वकिली! दोन जागांनी का होईना, पुढे गेलो ना? मग टोचतंय कशाला?

१८५७ साली कलकत्ता आणि मद्राससोबत उभं राहिलेलं विद्यापीठ आहे हे. पुणे विद्यापीठ १९४९ चं. त्याआधीची पुण्याची सगळी विद्वत्ता कोणाच्या शिक्क्याची होती? टिळक, आगरकर, गोखले, सगळे मुंबई विद्यापीठाचे पदवीधर. १८८५ ला निघालेलं फर्ग्युसन १९४९ पर्यंत मुंबईलाच संलग्न होतं. समाजशास्त्राचा विभाग १९१९ ला पॅट्रिक गेडीस यांनी मुंबईत सुरू केला. पुढे घुर्ये आले, आणि तुमच्या पुण्याच्या इरावतीबाई कर्वे त्यांच्याच विद्यार्थिनी. २०२१ ला नॅकची, म्हणजे दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची, ए प्लस प्लस मिळाली, ३.६५ गुणांकनाने. अजून काय प्रमाणपत्र हवंय?

खारघरची_संख्याशास्त्री

अहो कोपरीकर, टिळक पदवीधर झाले म्हणून २०२५ चा निकाल वेळेवर लागतो का? नॅकचं सांगताय तर पूर्ण सांगा. २०१७ च्या एप्रिलमध्ये आधीचं मानांकन संपलं आणि २०२१ पर्यंत तुमचं थोर विद्यापीठ नॅकशिवाय होतं.

मी एम.एस्सी. पुण्यात केलं. वि. शं. हुजूरबाजारांनी उभा केलेला संख्याशास्त्र विभाग. माझे बाबाही त्या काकांसारखेच, 'खारघरहून कलिना जवळ, पुण्याला कशाला जातेस'. जवळ! पहाटेची हार्बर, कुर्ल्याला उतरा, मग रिक्षावाल्याची मनधरणी, परतताना तीच गर्दी उलटी. पुण्यात विभाग, होस्टेल आणि जयकर ग्रंथालय सगळं पायी. रात्री जेवून पुन्हा वाचत बसायचं, चर्चा करत परतायचं. शिक्षक संध्याकाळीही भेटायचे, कारण त्यांनाही शेवटची लोकल गाठायची नसायची. ही गोष्ट एनआयआरएफच्या कुठल्या रकान्यात बसते ते मला माहीत नाही, पण माझं करिअर तिच्यावर उभं आहे.

आणि हो, प्राध्यापकीसाठीची सेट ही पात्रता परीक्षा द्यायची असेल तर फॉर्म पुण्याचाच भरावा लागतो. महाराष्ट्र-गोव्याची सेट पुणे विद्यापीठ घेतं.

कोपरीचा_पदवीधर

ताई, होस्टेलमध्ये राहून कोणीही अभ्यास करतं. लोकलमध्ये उभं राहून केला की कळतं. कल्याण-ठाण्याची पोरं सकाळी कॉलेज, दुपारी नोकरी, रात्री अभ्यास करून पास होतात, त्यांना कुठल्या यादीत बसवणार?

आणि पुण्याच्या मोठेपणात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था धरू नका. ती आवारात असली तरी विद्यापीठाची नाही.

खारघरची_संख्याशास्त्री

आयुकाचं नाव मी घेतलंच नाही. तुम्ही यूडीसीटीचं, मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचं, घेणार होतात, म्हणून आधीच सांगते: ती २००८ पासून अभिमत, म्हणजे स्वतःच विद्यापीठाच्या दर्जाची आहे, तुमच्या हातातून गेली.

कोपरीचा_पदवीधर

आणि तुमचं सीओईपी, पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज, २०२२ ला स्वतंत्र विद्यापीठ झालं. फिटली.

ढोकाळीकर

बघा, दोघंही जे गेलं त्याचीच यादी देताय. बाय द वे, क्यूएसच्या २०२६ च्या जागतिक यादीत पुणे ५६६ वर आहे आणि मुंबई ६६४ वर. एक यादी म्हणते मुंबई पुढे, दुसरी म्हणते पुणे पुढे. काका कुठली फॉरवर्ड करणार ते सांगायला नको.

कळव्याची_आई

तुम्ही सगळे शिकलेली माणसं नंबरावर भांडताय. मला एकच कळतं, निकाल कधी लागतो. माझ्या मुलीचा शेवटच्या सेमिस्टरचा निकाल राखीव ठेवला. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, नाहीतर परत मुंबई-पुणे सुरू कराल. कॉलेज म्हणे विद्यापीठात विचारा, विद्यापीठ म्हणे कॉलेजने अंतर्गत गुण पाठवले नाहीत. खिडकीवरचा माणूस म्हणे ऑनलाइन अर्ज करा, ऑनलाइनवर लिहिलेलं, समक्ष संपर्क साधा. कॅम्पसमधून मिळालेली नोकरी तोवर दुसऱ्याला गेली. पोरगी आठवडाभर नीट जेवली नाही. निकाल आला तेव्हा फर्स्ट क्लास. काय करू त्या फर्स्ट क्लासचं?

कोपरीचा_पदवीधर

माई, वाईट झालं. पण असं सगळीकडे होतं.

खारघरची_संख्याशास्त्री

सगळीकडे नाही होत. मुंबई विद्यापीठाचं २०१७ आठवतंय ना? उत्तरपत्रिका एकदम संगणकावर तपासायचा घाट घातला, कुलपतींनी ३१ जुलैची मुदत दिली, ती उलटली, लॉ-कॉमर्सची पोरं सप्टेंबरपर्यंत ताटकळली आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर केलं. हे पुण्यात झालं होतं का?

कोपरीचा_पदवीधर

ते झालं. मान्य. आठ वर्षं तेच उगाळताय. पुण्यात परीक्षेचा गोंधळ कधी झालाच नाही असं शपथेवर लिहून द्या, मग बोलू.

तासिका_तत्त्वावर

मी या वादात पडणार नव्हतो, पण पडतो.

पुणे का घसरलं विचारताय? प्राध्यापक नाहीत म्हणून. मंजूर जागा रिकाम्या, निवृत्त झालेल्याच्या जागी कोणी नाही. विद्यार्थी तेवढेच आणि शिक्षक कमी, मग गुण जातात. मुंबईतही तीच कथा. दोन्ही विद्यापीठं २०१६ च्या एकाच कायद्याखाली चालतात, कुलपती एकच, भरतीची फाइल एकाच मंत्रालयात अडकते. तुम्ही दोघं एकाच दुखण्याच्या दोन पेशंटांमध्ये कोण जास्त धडधाकट ते ठरवताय.

मी सेट पास, पीएचडी झालेली. ठाणे जिल्ह्यातल्या दोन कॉलेजांत सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवतो. नावं सांगत नाही, पुढच्या जूनला तिथेच अर्ज करायचाय. तासाचे पैसे मिळतात, तेही सहा-सहा महिन्यांनी. मे महिन्यात पगार शून्य. पेपर तपासायला मात्र मी 'अनुभवी शिक्षक' असतो. माझ्या वर्गात बसलेला मुलगा माझ्यापेक्षा जास्त कमावतो, रात्री डिलिव्हरी करतो तो. सकाळी पेंगतो, मी उठवत नाही. हे नॅकची समिती येते तेव्हा दिसत नाही, कारण त्या दिवशी मला स्टाफरूमच्या बाहेर बसायला सांगतात.

बाळकुम_नाका

सर, तुमच्या मुद्द्यावर कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. या सगळ्याचं मूळ एकच, विद्यापीठ अवाढव्य झालंय. मुंबई विद्यापीठाकडे मुंबई शहर, उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. सात जिल्हे! ठाण्याला स्वतंत्र विद्यापीठ द्या, विषय संपला.

२०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाख होती, पालघर वेगळा व्हायच्या आधी. सोलापूरला एका जिल्ह्यासाठी २००४ ला विद्यापीठ मिळालं. गडचिरोलीला २०११ ला गोंडवाना मिळालं. आम्हाला काय? ठाण्यात बाळकुमला मुंबई विद्यापीठाचं उपकेंद्र. कल्याणला उपकेंद्र. गुणपत्रिकेत स्पेलिंग चुकलं की चला कलिन्याला.

कोपरीचा_पदवीधर

आणि त्या ठाणे विद्यापीठाच्या पदवीला विचारणार कोण? आज पोरगं दुबईत, लंडनमध्ये 'युनिव्हर्सिटी ऑफ मुंबई' सांगतं तेव्हा समोरच्याला शहर तरी माहीत असतं. वेगळं व्हायचं असेल तर खुशाल व्हा, माझ्या डिग्रीला हात लावू नका.

बाळकुम_नाका

तुमची डिग्री राहू द्या भिंतीवर. लंडनला जाणारे किती, आणि दुरुस्तीसाठी कलिन्याला खेटे घालणारे किती?

नेरुळकर

थांबा थांबा. ठाणे विद्यापीठात नवी मुंबईला आधीच ओढलंत का? ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत आम्ही महसुली कागदावर ठाण्यात आहोत एवढंच. पनवेल-खारघर रायगडात. विद्यापीठ काढायचंच तर नवी मुंबईत काढा. सिडकोची आखणी आहे, रेल्वे आहे, विमानतळ आहे. घोडबंदर रोडला विद्यापीठ म्हणजे परीक्षेला आदल्या रात्री निघायचं.

बाळकुम_नाका

झालं! सगळं नवी मुंबईलाच द्या. पाणीही तुमचं, रस्तेही तुमचे.

नेरुळकर

मोरबे धरण आमच्या महापालिकेचं आहे साहेब, तुमच्याकडून उसनं घेतलेलं नाही.

ढोकाळीकर

धरणावर कसे आलो आपण?

मूळचा_सावंतवाडीचा

तुम्ही ठाणेकर कलिना लांब म्हणताय हे वाचून हसू आलं. आमच्या गावच्या पोरांना रात्रभर कोकणकन्येत बसून यावं लागतं, एका सहीसाठी. नातेवाइकाकडे आंघोळ, मग खिडकी, मग 'साहेब जेवायला गेलेत'. आधी कोकण विद्यापीठ द्या, रत्नागिरी-सिंधुदुर्गाचं. ती मागणी किती जुनी आहे विचारा गावाकडे. ठाण्याचं नंतर बघू.

बाळकुम_नाका

कोकणाला द्याच की, कोण नको म्हणतंय? पण 'आधी आम्ही, मग तुम्ही' या भांडणातच दोघांना काही मिळत नाही.

खारघरची_संख्याशास्त्री

विद्यापीठ तोडून दर्जा वाढतो, याला पुरावा काय? सोलापूर वेगळं झालं म्हणून सोलापूरची पोरं पुण्याला यायची थांबली का? माझ्याच वर्गात होती. नवीन विद्यापीठ म्हणजे नवे कुलगुरू, नवी इमारत, नवी गाडी. विभाग उभा राहायला पंचवीस वर्षं जातात.

कोपरीचा_पदवीधर

आयुष्यात पहिल्यांदा पुण्याशी सहमत. तारीख लिहून ठेवा.

कळव्याची_आई

विद्यापीठ तोडा नाहीतर जोडा, कामाचा निकाल घरी बसून मिळाला पाहिजे. दहावीचा मिळतो की मोबाइलवर.

ढोकाळीकर

माई, तुम्हीच काय ते मुद्द्याचं बोललात. काकांचं खाजगीत उत्तर आलंय, इथे चिकटवतो: 'कॉलेज बघावं हे ठीक. पण ५४ हे ५६ च्या आधी येतं, एवढं गणित मलाही येतं.' त्यांचा नातू फर्ग्युसनचा फॉर्म भरतोय, हे मला त्यांच्या सूनबाईंकडून कळलं. ठाण्याच्या वंदना एसटी स्टँडवरून पुण्याची गाडी किती वाजता असते, हेही सूनबाईंनीच विचारलं.

कोपरीचा_पदवीधर

फर्ग्युसन स्वायत्त आहे, अभ्यासक्रम नि परीक्षा स्वतःच्या. तो पुणे विद्यापीठाच्या खात्यात धरू नका.

खारघरची_संख्याशास्त्री

बांदोडकरही स्वायत्त आहे. तुमच्या खात्यातून तेही वजा करा मग.

तासिका_तत्त्वावर

ठाणे विद्यापीठ कधी झालंच, तर पहिली जाहिरात तासिका तत्त्वावरचीच निघेल. बाळकुमला निघो की बेलापूरला, मला कोणी इथे टॅग करा. पीएचडीच्या प्रमाणपत्राच्या साक्षांकित प्रती तयार आहेत.