कच्छच्या रणातला शेवटचा दिवस

कुणीतरी विचारलंय, कच्छच्या फेरीतला शेवटचा दिवस धोळावीराला द्यावा की पहाटेच भुजहून परतीला लागावं. द्यावा की! आमचे हेही ‘दगड-धोंडे काय बघायचे’ म्हणत होते. २०२१ साली जागतिक वारशात गेलेलं हडप्पाकालीन नगर ते, पण ह्यांना थांबवलं तिथल्या दगडी तलावांनी. एवढ्या कोरड्या मुलखात पावसाचं पाणी अडवून शहर जगवलं होतं! आमच्या बेळगावकडच्या खानापूरच्या पावसात वाढलेल्या माणसाला ते बघून गप्पच व्हायला झालं.

खावड्याहून जाणारा रस्ता तर सरळ रणातून. दोन्हीकडे पांढरं मीठ, मध्ये आमची एकटी केए २२, म्हणजे बेळगाव पासिंगची गाडी. (पावसाळ्यानंतर तिथं पाणी असतं, हिवाळ्यातच जा.) टाकी भुजलाच भरा, पाणी जास्त घ्या.

धाब्यावर एकानं विचारलं, ‘गाडी कर्नाटकची, बोलणं मराठी, हे कसं?’ आता त्याला बेळगाव समजावता समजावता चहा गार झाला.

परतीला दोन मुक्काम. कर्नाटकच्या सीमेवरचा कोगनोळीचा टोलनाका आला तरी पायपुसणीत मीठ होतंच. ह्यांनी अजून गाडी धुतलेली नाही.