फाइल सर्व्हरचा वेग नुसत्या एमबी प्रति सेकंदात मोजू नका

धागाकर्ता:
एनएफएस (नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवरच्या फाइली वापरायची पद्धत) हळू चालतंय अशी तक्रार आली की डीडी या कॉपी करायच्या कमांडने एक मोठी फाइल लिहायची, गिगाबिट लाइनवर सेकंदाला ११० एमबीच्या आसपास आकडा दिसला की सर्व्हर ठीक असल्याचं सांगून मोकळं व्हायचं. ही पद्धत सोडायला हवी. लोक वैतागतात ते हजारो छोट्या फाइली उघडताना. तिथे लाइन भरतच नाही, प्रत्येक लुकअप (नावावरून फाइल शोधायची विनंती) उत्तराची वाट बघत बसतो. विनंती जाऊन उत्तर येण्याच्या एका फेरीला १ मिलिसेकंद लागत असेल आणि कामं एकामागून एक होत असतील, तर सेकंदाला १००० च्या वर जाता येत नाही, लाइन १० गिगाबिटची असली तरी! आधी एनएफएसआयओस्टॅट आणि माउंटस्टॅट्स (एनएफएसच्या कामांचा वेळ दाखवणाऱ्या कमांडी) लावा, कुठल्या कामाला किती वेळ लागतो ते बघा.

प्रतिसाद १:
असहमत. व्हिडिओ आणि बॅकअपवाल्यांना एमबी प्रति सेकंदच लागतात. छोट्या फाइलींसाठी एक्स्पोर्टला (सर्व्हरने वाटलेल्या फोल्डरला) असिंक हा पर्याय लावा, विषय संपला.

धागाकर्ता:
असिंकला माझा ठाम विरोध आहे. डेटा डिस्कवर पोचण्याआधीच सर्व्हर 'लिहिलं' म्हणून सांगतो. वीज गेली की तो डेटा गेला, आणि क्लायंटला (फाइल वापरणाऱ्या मशीनला) पत्ताही नाही. मोठ्या फाइलींसाठी तर त्याची गरजच नाही. एनएफएसच्या १९९५ च्या आवृत्ती ३ मध्ये कमिट (डेटा डिस्कवर पक्का करायची विनंती) आलं: सर्व्हर लगेच उत्तर देतो, पण कमिट होईपर्यंत क्लायंट डेटा स्वतःजवळ ठेवतो आणि सर्व्हर मध्येच रीबूट झाला तर पुन्हा पाठवतो. छोट्या फाइली तयार करणं मात्र खरंच महाग पडतं. त्यासाठी वीज गेली तरी डेटा टिकवणारी एसएसडी फाइल सिस्टिमच्या लॉगला (बदल आधी जिथे नोंदले जातात त्या जागेला) द्या.

प्रतिसाद २:
मोजण्याबद्दल सहमत, पण नुसता सरासरी वेळ पुरत नाही. एनएफएसआयओस्टॅटमध्ये आरटीटी (विनंती पाठवल्यापासून उत्तर येईपर्यंतचा वेळ) आणि एक्झी (क्लायंटवरच्या रांगेसकट एकूण वेळ) हे दोन रकाने शेजारी ठेवून वाचा. आरटीटी कमी आणि एक्झी जास्त असेल, तर विनंत्या क्लायंटवरच रांगेत अडकल्यात. अशा वेळी सर्व्हरला नव्या डिस्का घालून काय होणार? लिनक्स ५.३ पासून एनकनेक्ट हा पर्याय आहे, माउंट करताना (क्लायंटवर एक्स्पोर्ट जोडताना) त्याने सर्व्हरकडच्या जोडण्या वाढवून बघा.

प्रतिसाद १:
रांगेचा मुद्दा पटला. असिंकबद्दल मत तेच. रेंडरिंगच्या तात्पुरत्या फाइली पुन्हा बनवता येतात, त्यांच्यासाठी महागड्या एसएसडीवर खर्च का करायचा?

धागाकर्ता:
तेवढ्यापुरता वेगळा एक्स्पोर्ट काढा, हरकत नाही. होम डिरेक्टरी (लोकांच्या स्वतःच्या फाइलींचे फोल्डर) त्यात येऊ देऊ नका.