कालखंड आणि इतिहास एकाच कालरेषेवर घ्या

पाश्चात्त्य संगीताचे कालखंड आणि आधुनिक इतिहास दोन्ही शिकणाऱ्या मुलीबद्दल कुणीतरी सुचवलंय की तिने आधी बरोक, क्लासिकल, रोमँटिक या संगीताच्या एकामागून एक आलेल्या कालखंडांची सनावळी पाठ करावी आणि आधुनिक इतिहास नंतर वेगळा करावा. मला हे अजिबात पटत नाही. दुप्पट पाठांतर कशाला? भिंतीवर एकच कालरेषा लावा, वर संगीत, खाली इतिहास.

१८०४ घ्या. त्या वर्षी नेपोलियन सम्राट झाला आणि संगीतकार बेथोवनने आपल्या तिसऱ्या सिंफनीच्या (वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचनेच्या) प्रतीवरचं नेपोलियनचं नाव इतकं जोरात खोडलं की कागदाला भोक पडलं. फ्रेंच क्रांतीने जागवलेल्या आशा आणि मग झालेला भ्रमनिरास, दोन्ही तिथे दिसतात. ही सिंफनी आधीच्या पिढीतल्या संगीतकार हायडनच्या सिंफनींपेक्षा जवळजवळ दुप्पट लांब आहे. क्लासिकल काळाची चौकट कशी ताणली गेली, हे मुलीला ऐकूनच कळेल.

पोलिश संगीतकार शोपँ नोव्हेंबर १८३० मध्ये वॉर्साहून निघाला, महिनाअखेरीस तिथे रशियन राजवटीविरुद्ध उठाव झाला आणि तो पुन्हा कधीच परतला नाही. त्याचे माझुर्का (पोलिश लोकनृत्यावर बेतलेल्या पियानोच्या रचना) ऐकवा, पोलिश राष्ट्रवाद वेगळा शिकवावा लागणार नाही. दुसऱ्या महायुद्धासाठी सोव्हिएत संगीतकार शोस्ताकोविचची सातवी सिंफनी: ९ ऑगस्ट १९४२ ला जर्मन वेढ्यातल्या लेनिनग्राडमध्ये उपाशी वादकांनी ती वाजवली, लाउडस्पीकरवरून जर्मन सैन्यालाही ऐकवली.

बरोकला मात्र आधुनिक इतिहासाचा आधार फारसा नाही. तिथे १७५० हे बरोक संगीतकार बाखचं मृत्यूवर्ष शेवटची खूण म्हणून धरा, आणि हार्पसिकॉर्डचा (पियानोआधीच्या पट्टीवाद्याचा) आवाज कानात बसवा.