पॉइंटर कुत्रे, रानलावे आणि बंदूक: जॉर्जियातल्या या शिकारीबद्दल तुमचं काय मत?

पाइनरान (धागाकर्ता)
मी अमेरिकेत दक्षिण जॉर्जियात राहतो, थॉमसव्हिलच्या जवळ. घर माळकऱ्यांचं, अंडंसुद्धा वर्ज्य. गेल्या जानेवारीत शेजारच्या आजोबांबरोबर बॉबव्हाईट लाव्यांच्या शिकारीला गेलो. बंदूक हातात घेतली नाही, नुसता मागे चाललो. पुण्याला भावाला सांगितलं तर तो म्हणाला, "तुला बघवलं तरी कसं?" तेव्हापासून डोक्यात हेच चालू आहे.

पाइनची झाडं विरळ, मध्ये गुडघाभर गवत, दव अजून वाळलं नव्हतं. आजोबांचा पॉइंटर वाऱ्याच्या तोंडावर नागमोडी पळत होता. पळता पळता खिळला. शेपूट ताठ, उजवा पुढचा पाय तसाच अधांतरी, हलत होत्या त्या फक्त नाकपुड्या. मागून येणाऱ्या सेटर कुत्रीला लाव्यांचा वास लागलाच नव्हता. तिनं त्याला पाहिलं आणि तीही होती तिथे थिजली. याला इथे 'ऑनर' म्हणतात. आजोबा गवतात पाय घासत पुढे सरकले, आणि बारा-तेरा लावे पायाखालून असे भर्रकन उठले की माझ्या काळजात धस्स झालं. दोन पडले. एक माझ्या तळहातावर ठेवला. दीडशे ग्रॅमचा जीव, अजून ऊब होती.

तरीही माझं मत शिकारीच्या बाजूनं झालंय. १९६६ पासून इथे पक्ष्यांची दरवर्षी पद्धतशीर मोजणी होते, त्यात बॉबव्हाईट सतत घसरत चाललाय. कारण रान बदललं. लांब सुयांचा पाइन एके काळी नऊ कोटी एकरांवर होता, तो घटत घटत एका टप्प्यावर तीस लाखांच्या आसपास आला होता. बांधावरची झुडपं गेली, वणवे बंद झाले. लाव्याला खाली मोकळी जमीन आणि वर झाकायला गवत लागतं, ते आगीशिवाय टिकत नाही. पक्षीअभ्यासक हर्बर्ट स्टॉडर्ड यांनी १९२४ पासून इथेच अभ्यास करून हे मांडलं, तेव्हा वनखातं आगीच्या ठाम विरोधात होतं. त्या अभ्यासाला पैसा शिकारी जमीनदारांनी पुरवला. थॉमसव्हिल ते फ्लोरिडातलं टॅलाहासी या पट्ट्यात आजही दर एक-दोन वर्षांनी रान तुकड्यातुकड्यानं जाळलं जातं, ते मुख्यतः लाव्यांसाठी. त्यावर दुर्मीळ सुतारपक्षी जगतो, गोफर कासव जगतं. शिकार बंद करा, मग ही आग कोण लावणार?

सातारकरीण
भावाचं बरोबर आहे. तुमचे सगळे मुद्दे आगीचे आणि गवताचे आहेत, बंदुकीचा एकही नाही. पक्षी वाचवायला पक्षी मारायचा ही अट कुणी घातली? जमीनदाराला हौस आहे म्हणून रान टिकलंय, तर हौस फिटली की रान विकलं जाणार. हा काय आधार झाला?

आणि रानलाव्यांची शिकार किती जणांच्या नशिबी असते? बऱ्याच शिकारवाड्यांवर पिंजऱ्यात वाढवलेले लावे सकाळी गवतात सोडतात, कुत्रा वास येताच खिळून त्यांच्यावर 'पॉइंट' धरतो आणि पाहुणे गोळ्या झाडतात. त्या पाखरांना धड उडताही येत नाही, उरलेली थोड्याच दिवसांत ससाण्याच्या नाहीतर कोल्ह्याच्या तोंडी जातात. त्याला संवर्धन म्हणू नका.

शिशाचं काय? पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे अमेरिकेनं १९९१ पासून बंद केले. लाव्यांच्या रानात बहुतेक राज्यांत ते चालतातच. पक्षी खडे समजून ते गिळतात.

पाइनरान
सोडलेल्या लाव्यांबद्दल वाद घालणार नाही, मलाही ते पाहवत नाही. शिशाचंही मान्य, कॅलिफोर्नियानं २०१९ पासून ते सगळ्याच शिकारीत बंद केलं, इथेही व्हावं. पण रानातल्या दहा लाव्यांपैकी सात-आठ वर्षभरात मरतातच, बंदूक असो वा नसो. थंडी, ससाणे, रानमांजरं. जॉर्जियात माणशी दिवसाला बारांची मर्यादा आहे, आजोबा मात्र एका थव्यातून दोनच्या वर घेत नाहीत. शिवाय लांब बंदुका-काडतुसांवर केंद्राचा ११ टक्के कर आहे, तो १९३७ च्या कायद्यानुसार राज्यांच्या वन्यजीव खात्यांना जातो.

सातारकरीण
तो कर बंदूक घेणारा प्रत्येक जण भरतो, शिकारीला कधीच न गेलेलाही. त्याचं श्रेय एकट्या शिकाऱ्याला कसं? आणि हंगामाच्या शेवटी मारलेला लावा हा थंडीतून तगलेला, अंड्यावर बसायला तयार झालेला असतो. त्याला 'तसाही मेला असता'च्या हिशेबात धरू नका.

मोंटगोमेरीकर
शेजारच्या अलाबामातून लिहितोय. आगीचं श्रेय जमीनदारांना देताना थोडं मागे जा. इथले मूळनिवासी मस्कोगी लोक ही रानं जाळत होते. त्यांना हाकलल्यावर आधी गुलाम म्हणून आणि पुढे कुळं म्हणून ज्या काळ्या कुटुंबांनी ही जमीन कसली, त्यांनी ती रीत चालू ठेवली. त्यांचे छोटे वावर, बांधावरची झुडपं, पडीक तुकडे यातच लावे माजले होते. उत्तरेकडच्या धनिकांनी जमिनी घेतल्या त्या लाव्यांसाठीच. पुढे कुत्रे शिकवणारे, खेचरांची गाडी हाकणारे पुष्कळदा हेच काळे लोक, आणि बंदूक मालकाच्या हातात. मी शिकारीच्या विरोधात नाही, पण हे विसरून बोलणं मला पटत नाही.

माळावरचा
सोलापूरकडून. आपल्याकडे शिकारबंदी आहे, रानलावा धरणं गुन्हा आहे. तरी लहानपणी बैलगाडीपुढून उठणारे लावे आता आमच्या शिवारात दिसत नाहीत. बंदुकीनं नाही गेले. माळ नांगरला, ऊस आला, उरलं ते सरकारदप्तरी 'पडीक'. लावा कुठे बसतो, कधी पाण्याला उतरतो हे ज्याला बोटावर पाठ होतं त्या फासेपारध्याला इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायद्याखाली जन्मानंच गुन्हेगार ठरवलं, आणि आजही माळाबद्दल त्याला कुणी विचारत नाही. म्हणून सातारकरीणताई, नुसत्या बंदीनं पाखरू वाचत नाही. बंदी उठवा असं मात्र मी अजिबात म्हणत नाही.

सेटरवाली
माझ्याकडे इंग्लिश सेटर आहे, मी तिला शिकारी कुत्र्यांच्या चाचण्यांना नेते. तिथे कुत्रा पॉइंट धरतो, पक्षी उठवतात, फुसक्या काडतुसाचा बार काढतात, पक्षी उडून जातो. तिची अंगभर थरथर तीच असते. पक्षी मोजणाऱ्यांच्या कामातही असे कुत्रे वापरतात.

पाइनरान
आजोबांना मी हेच विचारलं होतं. ते म्हणाले, पाखरू तोंडात आलंच नाही तर कुत्र्याचं मन कामावरून उडतं.

सेटरवाली
माझी सात वर्षांची आहे. अजून तरी उडालेलं नाही.

सातारकरीण
पाइनरान, मग पुढच्या जानेवारीत आजोबांना एक सकाळ फुसकी काडतुसं भरायला सांगा. कुत्रा तेच करतो का बघा, आणि इथे येऊन लिहा.

पाइनरान
मार्चमध्ये त्यांच्या रानाच्या पूर्वेच्या तुकड्याला आग द्यायची आहे, मी मदतीला जातोय. तेव्हाच विचारतो.