मंडळीची कामे होतात, प्रार्थना होत नाही: पुरुषाने विश्वासात वाढावे कसे?

प्रश्न
सर्वांना जय ख्रिस्त. माझे वय 43 आहे. माझे मूळ गाव अहिल्यानगर जिल्ह्यात असून सध्या मी पुण्याजवळच्या एका कारखान्यात पाळ्यांमध्ये काम करतो. गेली सहा वर्षे मी आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) पास्टोरेट कमिटीवर, म्हणजे तिचा कारभार पाहणाऱ्या समितीवर आहे. छपराची दुरुस्ती, नाताळची वर्गणी, कबरस्तानाचे कुंपण या सर्व कामांत मी पुढे असतो. मात्र सतराव्या वर्षी दृढीकरणाच्या (आपला विश्वास स्वतः जाहीर करण्याच्या विधीच्या) वेळी माझी जी प्रार्थना होती तीच आजही आहे. आमच्याकडे घरोघरच्या प्रार्थनासभा स्त्रिया चालवतात. पुरुष अंगणात खुर्च्या टाकून कमिटीचे विषय बोलत बसतात व शेवटच्या गीताला आत येतात. गेल्या महिन्यात गुणपत्रिकेवरून मी माझ्या चौदा वर्षांच्या मुलाला पाहुण्यांसमोर फार कठोर बोललो. तेव्हापासून तो कामापुरतेच बोलतो, आणि प्रार्थनेत डोळे मिटले की मला त्याचाच चेहरा दिसतो. पाळकसाहेबांपाशी, म्हणजे आमच्या मंडळीच्या धर्मगुरूंपाशी, हे बोलावेसे वाटते, परंतु ते मला केवळ कमिटीचा माणूस म्हणून ओळखतात. मी सुरुवात कोठून करावी?

उत्तर 1 (निवृत्त शिक्षक)
बंधू, बायबलातील मत्तयाच्या शुभवर्तमानाचे पाच ते सात हे तीन अध्याय, म्हणजे येशूचे डोंगरावरील प्रवचन, घ्या. त्यांत एकूण 111 वचने आहेत. रोज तीन-चार वचने मोठ्याने वाचली तरी महिन्याभरात ते पूर्ण होते, आणि रात्रपाळीच्या आठवड्यातही एवढा वेळ काढता येतो. मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांना आगगाडीच्या प्रवासात एका सहप्रवाशाने नवा करार दिला, तेव्हा त्यांना खिळवून ठेवले ते याच प्रवचनाने. पुढे 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट त्यानंतरची आहे. बाप्तिस्म्याने टिळकांचा तापट स्वभाव एका दिवसात निवळला नाही, हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिले आहे. तरीही या माणसाने अखेरपर्यंत शोध थांबवला नाही: वयाच्या पंचावन्नाव्या वर्षानंतर, 1917 मध्ये, त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा भक्तांचा मेळा सुरू केला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा दिली. आपण तर अजून 43 वर्षांचे आहात.

उत्तर 2 (वसई)
मी कॅथलिक असल्यामुळे आमच्याकडील रीत सांगतो. येशूसंघाचे (जेझुइट) संस्थापक संत इग्नेशियस लोयोला हे मुळात सैनिकी पेशाचे; 1521 साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय जायबंदी झाला आणि अंथरुणावरच्या त्या दिवसांत त्यांनी स्वतःच्या मनाचे निरीक्षण सुरू केले. त्यांनी घालून दिलेली आत्मपरीक्षणाची पद्धत मी रात्री दहा मिनिटे पाळतो. प्रथम दिवसाबद्दल आभार मानायचे, मग पवित्र आत्म्याकडे प्रकाश मागायचा, सकाळपासूनचे एकेक प्रसंग आठवायचे, जेथे चुकलो तेथे क्षमा मागायची आणि उद्यासाठी एकच निश्चय करायचा. मी पूर्वी ‘मी रागीट आहे’ एवढेच म्हणत असे, आणि तसे म्हटल्याने काहीही बदलत नव्हते. या सवयीमुळे मला दिसू लागले की माझा राग नेहमी चार लोकांसमोर मान खाली जाण्याच्या भीतीतून उसळतो. ते मी पापनिवेदनात, म्हणजे धर्मगुरूंपुढे पापे कबूल करण्याच्या संस्कारात, जसेच्या तसे सांगू शकलो. आपल्या परंपरेत हा संस्कार नसला, तरी बायबलातील याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायातील एकमेकांजवळ पापे कबूल करण्याची आज्ञा आपल्यालाही लागू आहेच. त्यामुळे पाळकसाहेबांकडे जाच. कमिटीचा विषय नसताना गेलात तर ते आपल्याला निराळ्या नजरेने पाहतील.

उत्तर 3 (एक भगिनी, मुंबई)
वरील दोन्ही उत्तरे मला पटतात, परंतु क्रम पटत नाही. मत्तय 5:23-24 मध्ये प्रभूने सांगितले आहे की, भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे वेदीपाशी आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा. प्रार्थनेत आपल्याला मुलाचा चेहरा दिसतो तो याच कारणाने दिसत असावा, असे माझे मन सांगते. तेव्हा वाचन आणि आत्मपरीक्षण यांच्याही आधी त्याची क्षमा मागा, आणि ‘तूही अभ्यास करायला हवा होतास’ हे वाक्य त्याला जोडू नका. शब्द पाहुण्यांसमोर बोलले गेले होते, म्हणून क्षमाही निदान घरातील सर्वांसमोर मागावी. पुढच्या प्रार्थनासभेत आपण पहिल्या गीतापासून आत बसा. माझे वडील असे एकटेच आत येऊन बसू लागले होते. वर्षभर त्यांच्या शेजारी दुसरा पुरुष नव्हता, तरी ते येत राहिले.

प्रश्नकर्त्याचे उत्तर
आपणा सर्वांचा आभारी आहे. काल रात्री जेवणानंतर पत्नी व आईसमोर मी मुलाची क्षमा मागितली. तो काही बोलला नाही. ताट उचलून आत गेला. आज पहाटे पहिल्या पाळीला निघताना त्याने माझा डबा दाराशी आणून दिला. मत्तयाचा पाचवा अध्याय मी बसमध्ये सुरू केला आहे. पाळकसाहेबांना शनिवारी भेटायचे आहे, आणि कमिटीची वही घरी ठेवूनच जाणार आहे.