शिकागोचा मका वर्षानुवर्षे धरून ठेवण्याची चीज आहे का?

कणीसवाला: अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी विषय मांडतो. शिकागोच्या बाजारात मका उत्पादनखर्चाच्या खाली आला की वायदा (पुढच्या ठरावीक महिन्यात माल घेण्याचा करार) घ्यायचा आणि दोन-तीन वर्षं धरायचा. एक सौदा ५,००० बुशेलचा, म्हणजे १२७ टन. भाव बुशेलला ४.२० डॉलर असेल तर माल २१,००० डॉलरचा. तेवढी पूर्ण रक्कम ट्रेझरी बिलांत (अमेरिकी सरकारच्या अल्पमुदतीच्या रोख्यांत) ठेवायची, मार्जिनच्या (सौद्यापोटी भरायच्या छोट्या अनामतीच्या) जोरावर पाच सौदे करायचे नाहीत. कंपनी बुडू शकते, मका शून्यावर जात नाही.

गोदामभाडं: मका जात नाही हो, पैसे जातात! माल मुबलक असतो, म्हणजे नेमका तुम्ही घेणार तेव्हाच, पुढची मुदत महाग असते. तिच्यात साठवणूक आणि व्याज धरलेलं असतं. समजा, येता मार्च ४.२० आणि त्यापुढचा मार्च ४.६०. वर्षभर बाजारभाव तसूभरही हलला नाही, तरी ४० सेंट गेले. सौद्यामागे २,००० डॉलर. बिलांवर ४ टक्के मिळाले तर ८४० परत येतात, बस. गव्हात तर मुदतींमधला फरक साठवणूक आणि व्याज यांच्या पूर्ण खर्चाच्या ८० टक्क्यांवर टिकला की एक्स्चेंजचं साठवणुकीचं दरपत्रकच वाढतं, म्हणजे फरक आणखी रुंदावायला वाव.

कणीसवाला: म्हणून जवळची मुदत घ्यायचीच नाही. थेट पुढच्या वर्षीचा डिसेंबर घ्या, तो नव्या पिकाचा. वर्षात एकदाच पलटी, म्हणजे संपत आलेला सौदा विकून पुढच्या मुदतीचा घेणं. ट्युक्रियम या अमेरिकी कंपनीचा मका फंडही पैसा दुसऱ्या, तिसऱ्या आणि त्यानंतरच्या डिसेंबर मुदतीत विभागतो, तो याचसाठी.

गोदामभाडं: पलट्या कमी झाल्या, फरक तेवढाच राहिला. मुळात 'स्वस्त आहे, वर जाईल' हे लांबच्या मुदतीत आधीच मोजलेलं असतं. उलट बाजूनं बघा: २०१२ च्या दुष्काळात मका ८ डॉलरपलीकडे गेला. पुढच्या उन्हाळ्यात जुनं पीक ७ च्या आसपास असताना डिसेंबर २०१३ दीडेक डॉलरनं खाली होता. भाव उतरणार हे सगळ्यांनाच ठाऊक होतं, त्यावर फुकटची कमाई नव्हती. आणि बिलांबद्दल: ती सुरुवातीच्या मार्जिनला चालतात. तोटा मात्र रोज रोखीत वळता होतो. १० सेंट पडला की ५०० डॉलर हातात हवेत, नाहीतर ब्रोकर बिलं विकेल किंवा सौदा कापेल.

प्रीमियम: वायदा सोडा, कॉल घ्या, म्हणजे ठरल्या भावानं वायदा घेण्याचा नुसता हक्क. ३० सेंटचा कॉल म्हणजे १,५०० डॉलर, तोटा तिथंच थांबतो. पण याला गुंतवणूक म्हणू नका. जून-जुलैच्या हवामानाच्या भीतीनं प्रीमियम (कॉलची किंमत) फुगतो आणि पाऊस वेळेवर पडला की भाव न हलताही तो झिजतो. डिसेंबर वायद्यावरचा छोट्या मुदतीचा 'जुलै' कॉल स्वस्त दिसतो, पण तो जूनच्या अखेरीस संपतो. मक्याचं परागीभवन मुख्यतः जुलैत. ज्या धोक्यासाठी पैसे मोजले, तो येण्याआधीच विमा संपला. लांबच्या कॉलमध्ये खरेदी-विक्रीच्या भावांत इतकी दरी असते की बाजारभावानं ऑर्डर टाकणं म्हणजे वेडेपणा, आपला भाव ठरवून लिमिटच लावा.

वऱ्हाडी: भारतातून हे वाचणाऱ्यांनी नुसतं वाचावं. एलआरएसखाली (परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली) परदेशी एक्स्चेंजच्या मार्जिनसाठी पैसे पाठवता येत नाहीत. इथेही गहू, चणा, सोयाबीन यांचे वायदे सेबीनं डिसेंबर २०२१ मध्ये थांबवले आणि ती मुदत पुढे वाढवत नेली.

कणीसवाला: कॉलचं पटलं. फरकाचं अर्धंच पटतं. पुरवठा घटला की जवळचा महिनाच महाग होतो आणि तीच पलटी पैसे देते.

गोदामभाडं: देते, पण ती वर्षं मोजकी. धरायचंच असेल तर डिसेंबरचा सौदा नोव्हेंबरच्या मध्याला पलटा. महिनाअखेरच्या, माल सोपवण्याच्या नोटिशीच्या दिवसापर्यंत थांबलात, तर इलिनॉय नदीकाठच्या मक्याचं शिपिंग सर्टिफिकेट (तो माल मिळण्याचा हक्कलेख) तुमच्या नावावर येईल, आणि त्याचं साठवणूकभाडं दररोज लागेल.