उतारावर वेडेलिया लावू का? (गुहागर)

मेधा_गु: नमस्कार मंडळी. घरामागे उतार आहे, खाली व्हाळ (ओढा). पावसात माती वाहून जाते. नर्सरीवाल्याने वेडेलिया सुचवली आहे. पिवळी फुलं, निगा नाही, भराभर जमीन झाकते म्हणे. बजेट 3000 रु. गणपतीला माणसं येणार, तोवर उतार भरलेला हवा. लावू का?

रत्नागिरीचे_काका: ताई, झाडाबिडांच्या नादी लागू नका. जांभ्याचा गडगा बांधा. आमचा दगड हललेला नाही. खर्च लाखाच्या घरात गेला, पण एकदाच.

मेधा_गु: काका, बजेट 3000 आहे.

कुंडीवाली: आमच्या ठाण्याच्या सोसायटीत आहे. बारा महिने फुलं, मधमाश्या येतात. लावा बिनधास्त.

रानपाखरू: सोसायटीत चारी बाजूंनी काँक्रीट असतं, म्हणून त्रास दिसत नाही. ही मूळची मेक्सिको, मध्य अमेरिका, कॅरिबियन बेटांकडची. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेच्या, जगातल्या सर्वांत उपद्रवी 100 आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे. बी फारसं धरत नाही, पण पेरापेराला मुळं फुटतात. तुटलेला तुकडा पाण्याबरोबर गेला की खालच्या काठावर रुजतो, आणि तुमच्याकडे तर खाली व्हाळच आहे. माती धरायला वाळा लावा. त्याची मुळं सरळ खाली दोन-तीन मीटर जातात, वेडेलियाची वरवर राहतात.

बागप्रेमी७: वेडेलिया म्हणजे आपला पिवळा माकाच ना? औषधी आहे की.

रानपाखरू: नाही, नात्यातला आहे. पिवळा माका इथलाच, पान साधं, लांबट. वेडेलियाच्या पानाला बहुधा तीन टोकं असतात.

घाटावरचा: घाणेरीसुद्धा एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेसाठीच कलकत्त्याला आणली होती. आज आमच्या डोंगरावर गुरांना चरायला जागा नाही. जनावरानं खाल्लीच तर उन्हात कातडी सोलवटते.

कुंडीवाली: घाणेरीचा इथे काय संबंध? आणि तिच्यावर फुलपाखरं किती येतात!

घाटावरचा: येतात. बुलबुलही येतात, फळं खातात आणि बी रानभर टाकतात.

मुंबैकर: गडग्याला +१.

चिपळूणची_आजी: मेधा, वाळ्याचे ठोंब उताराला आडव्या ओळीत लाव, वीतभर अंतरावर. फुलं हवीत तर दोन ओळींच्या मध्ये कोरांटी. पावसाळा सरता सरता फुलते. फांद्या शेजारणीकडून आणून खोचल्या की झालं, पैसे लागत नाहीत. वेडेलिया माझ्या हळदीच्या वाफ्यात शिरली होती. उपटून हात दुखले, एक पेर राहिलं की परत वर येते.

रानपाखरू: आजींचं ऐका. वाळा + कोरांटी.

मेधा_गु: सगळ्यांचे मनापासून आभार. कोरांटी गणपतीपर्यंत भरणार नाही, म्हणून वेडेलियाच आणली. कडेनं चर मारून घेते, दर महिन्याला छाटेन.

रानपाखरू: वाईट वाटलं. निदान व्हाळाकडचा पट्टा तरी मोकळा ठेवून तिथे वाळा लावा. छाटलेलं व्हाळात टाकू नका, खतखड्यातही नको, ओलाव्यात रुजतं. पावसात वाळणार नाही, तेव्हा काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून पूर्ण कुजू द्या. चरही दर आठवड्याला बघा, फांद्या वरून ओलांडून जातात.

बागप्रेमी७: वाळ्याचे ठोंब कुठे मिळतील? मलाच हवे आहेत.

चिपळूणची_आजी: माझ्याकडे आहेत. पावसाच्या तोंडावर ये, खणून देते.